व्हाइसरॉयची कमान: पूजा नको, पाडापाडीही नको

१/ जुन्या गोव्यातील व्हाइसरॉयच्या कमानीचे छायाचित्र दिसताच दोन उद्गार ऐकू येतात: ‘केवढा वारसा!’ आणि ‘गुलामीची खूण, पाडा!’ दोन्ही उद्गार कमान न वाचताच काढलेले असतात.

२/ वास्को द गामाचा पणतू फ्रान्सिश्कु १५९७ मध्ये व्हाइसरॉय झाला. पणजोबांच्या स्मरणार्थ त्याने मांडवीकाठी ही कमान उभारली. प्रत्येक नवा व्हाइसरॉय जहाजातून उतरून याच दारातून नगरप्रवेश करी. एका अंगास वास्कोचा पुतळा. दुसऱ्या अंगास तलवारधारी स्त्री आणि तिच्या पायांखाली पडलेला पुरुष. जितांना उद्देशून लिहिलेला हा दगडी जाहीरनामाच होय.

३/ तिला सरसकट ‘बरोक’ म्हणणेही घाईचे. तिचे वळण उत्तर-रेनेसाँसचे. गोव्यातील बरोकचा बहर त्यानंतरचा.

४/ पाडा म्हणणाऱ्यांसाठी: १६०० मध्ये फ्रान्सिश्कुची कारकीर्द संपताच वास्कोचा पुतळा फोडला गेला, तोही त्याच्या पोर्तुगीज विरोधकांकडून! पुढे पुतळा पुन्हा बसला. दगड फोडल्याने सत्ता ढळली नाही.

५/ वारसाभक्तांसाठी: मूळ कमान ढासळली, आज दिसते ती १९५४ ची पुनर्बांधणी. त्याच वर्षी दादरा-नगर हवेली मुक्त झाली आणि सत्याग्रही गोव्यात शिरले. मावळती सत्ता तेव्हा आपल्या विजयाचे दार पुन्हा रचत होती.

६/ म्हणून कमान राहावी. मात्र तिच्याशेजारी १५९७ इतक्याच ठळक अक्षरांत १९५४ आणि १९६१ ही वर्षेही कोरली जावीत. अर्धा इतिहास सांगणारा फलक हाही एक जाहीरनामाच असतो.