'रिपोर्ट नॉर्मल'नंतरचे बोलणे

आमच्यापैकी एकाच्या आईला तीन वर्षे छातीत कळ येत असे. ईसीजी झाला, टूडी एको झाला, एंडोस्कोपी झाली. प्रत्येक वेळी एकच वाक्य ऐकायला मिळाले : 'रिपोर्ट नॉर्मल आहे, टेन्शन घेऊ नका.' घरी आल्यावर आम्हीही तिला तेच सांगितले, फक्त अधिक शुद्ध मराठीत. कळ थांबली नाही; ती सांगणे तेवढे तिने थांबवले.

अशा दुखण्यांना वैद्यकात 'कारण न सापडलेली लक्षणे' म्हणतात. हे नाव रुग्णाच्या वेदनेविषयी काही सांगत नाही, डॉक्टरांच्या शोधाविषयी सांगते. कारण सापडले नाही म्हणजे दुखणे मनाचे, हा निष्कर्ष घाईचा आहे. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या 'डीएसएम-५' या निदानग्रंथानेही 2013 साली कारणाच्या अभावावरचा भर काढून घेतला. दुखण्यामुळे माणसाचे विचार, भावना आणि वागणे कसे बदलते, याला महत्त्व दिले.

या लक्षणांवर मानसोपचाराचा, विशेषतः बोधात्मक वर्तनोपचाराचा, उपयोग होतो. पण तो माफकच, असे आजवरच्या चाचण्या सांगतात. यात दुखणे खोटे ठरवायचे नसते. कळ, तिची भीती, भीतीपोटी सोडलेली कामे आणि त्यातून वाढणारी कळ हे चक्र रुग्णासोबत उलगडायचे असते.

श्रीलंकेतील सुमतिपाल आणि सहकाऱ्यांची 2008 साली प्रसिद्ध झालेली चाचणी आम्हांला या संदर्भात बोलकी वाटते. प्राथमिक उपचार घेणाऱ्या 150 रुग्णांपैकी निम्म्यांना वर्तनोपचार, तर निम्म्यांना डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या भेटींतून नियोजित देखभाल मिळाली. दोन्ही गटांना बरे वाटले. वर्तनोपचार सरस ठरला नाही. ठरलेल्या वेळी कोणीतरी आपले ऐकणार आहे, याचाच त्यात मोठा वाटा असावा, असे आमचे अनुमान आहे.

आपल्या भाषेला हे अपरिचित नाही. जीव घाबरा होणे, पोटात गोळा येणे, हातपाय गळणे : यांतले शरीर कोठे संपते आणि मन कोठे सुरू होते, हे कोणी सांगावे? गोव्यातील स्त्रियांच्या 2005 सालच्या एका पाहणीत 'अंगावरून पांढरे जाणे' या तक्रारीचे नाते जंतुसंसर्गापेक्षा मानसिक-सामाजिक ताणाशी अधिक घट्ट आढळले. केवळ गोळ्या लिहून देणाऱ्या डॉक्टरांपर्यंत त्या तक्रारीचा अर्धा भाग पोहोचतच नाही.

मात्र येथे आपण साहित्याच्या लोकांनी सावध राहिले पाहिजे. प्रत्येक वेदनेत प्रतीक शोधण्याची आपल्याला सवय असते. 'ही कळ म्हणजे तिची घुसमट' असे म्हणणे आणि 'टेन्शन घेऊ नका' म्हणणे, दोन्हींत तिचे वाक्य अर्ध्यावर तोडले जाते. शिवाय आज न सापडलेला आजार उद्या सापडू शकतो. म्हणून ऐकणाऱ्याने तपासणेही सोडता कामा नये.

प्राथमिक आरोग्य केंद्राच्या ओपीडीतली रांग आम्ही पाहिली आहे. तेथे प्रत्येकासाठी मानसोपचारतज्ज्ञ मिळणे अवघड आहे. पण त्याच रुग्णाला त्याच डॉक्टरांची, आधी ठरवलेली दुसरी भेट मिळणे अशक्य नसावे. त्या भेटीत 'तुम्हाला काही झालेले नाही' याऐवजी 'कळ येते तेव्हा नेमके काय होते?' असे विचारले जावे.

आमच्या मित्राने हा प्रश्न आईला विचारला, तो तीन वर्षे उलटल्यावर. ती बराच वेळ बोलत होती.