सभामंडप उतरवण्याआधी

गेल्या वैशाखात आमच्या गावच्या देवळाचा सभामंडप उतरवला. जीर्णोद्धार म्हणून. मी दुपारी पोचलो तेव्हा सोळापैकी अकरा खांब अंगणात आडवे पडले होते. एकाचं बूड वाळवीनं वीतभर पोखरलं होतं. उरलेला आठ फूट फणस करवतीखाली गेला तेव्हा आतून मधासारखा पिवळाधमक निघाला. सुतारानं मूठभर भुसा हातावर घेऊन हुंगला आणि काही न बोलता खाली टाकला. ते खांब सरपणाच्या भावानं गेले. आता तिथं सिमेंटचे चौकोनी खांब आहेत, वर स्लॅब आणि खाली ग्रॅनाइट.

बैठकीत मी विरोध केला होता, तेव्हा चार कारणं तोंडावर आली: वाळवी, आग, झाडांची कत्तल आणि टिकाऊपणा. कोकणात, देशावर, जिथं जिथं समाजमंदिर किंवा मंडप बांधायचा असतो तिथं हीच चार कारणं निघतात. बोलणारी माणसं गावाचं वाईट चिंतणारी नव्हेत, म्हणून त्यांना नीट उत्तर द्यायला हवं.

वाळवी लाकूड खाते हे खरं, पण ती ओलीच्या वाटेनं येते. जुने सुतार हे ओळखून होते. ते खांब जमिनीत पुरत नसत, दगडी तळखड्यावर उभा करत. पागोळ्या लांब पडाव्यात म्हणून छप्पर पुढे काढत. होडीला माखतात तेच काजूच्या टरफलांचं तेल लाकडाला देत. मग आमचा खांब का सडला? पंधराएक वर्षांपूर्वी लादी बसवताना जमीन वर घेतली आणि तळखडा सिमेंटखाली गाडला. तेव्हापासून लादी धुतली की पाणी थेट खांबाच्या बुडात. दोष लादीचा होता आणि शिक्षा खांबाला झाली. तुळईला धिरे देऊन, सडलेलं बूड कापून, नव्या लाकडाचा सांधा करता आला असता. दोन सुतारांचं काही दिवसांचं काम.

आगीचा विषय निघाला की शनिवारवाडा हमखास निघतो. 1828 मध्ये तो जळाला, आतल्या लाकडी इमारती गेल्या, दगडी जोती आणि तट उरले. हे नाकारण्यात अर्थ नाही. पण त्याच पुण्यात 1807 मध्ये बांधलेला विश्रामबागवाडा आहे. 1879 च्या आगीत त्याचाही काही भाग जळाला, आणि तो दुरुस्त झाला. सुरूच्या आकाराचे त्याचे खांब आजही रस्त्यावरून दिसतात. जाड लाकूड पेटतं तेव्हा बाहेर कोळशाचा थर धरतं आणि तो थरच आतल्या लाकडाला उष्णतेपासून राखतो. ही जळण्याची गती तासाला साधारण तीन-चार सेंटीमीटर असते, म्हणून जाडजूड खांब बराच वेळ भार पेलून धरतो. उघडं पोलाद साडेपाचशे-सहाशे अंशांवर निम्मी ताकद गमावून वाकतं. खरी भीती पातळ फळ्यांची, पडद्यांची आणि जत्रेच्या रात्री खांबाला गुंडाळलेल्या उघड्या वायरींची आहे. त्या वायरी स्लॅबखालीही तशाच लोंबतात.

स्लॅबच्या टिकाऊपणाबद्दल काय सांगावं! खाऱ्या वाऱ्यात सळई गंजते, गंजून फुगते आणि सिमेंटचे पोपडे पाडते. कोकणात कुठल्याही गावात फिरा. गळणाऱ्या स्लॅबवर लोखंडी सांगाडा आणि पत्रे चढवलेले दिसतील. म्हणजे छपरावर छप्पर! लाकडाचा एक वासा गेला तर एक वासा बदलता येतो. आतल्या सळयांना गंज लागला की त्यांच्यापर्यंत गावच्या कोणाचाच हात पोचत नाही. जपानमधलं होर्यूजी हे लाकडी देऊळ तेराशे वर्षं उभं आहे, तेही भूकंपाच्या आणि पावसाच्या देशात, कारण ते वेळोवेळी सुटं करून दुरुस्त केलं गेलं. आपल्याकडे 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारीच्या भूकंपात दगड-मातीच्या जड भिंती कोसळून हजारो माणसं गाडली गेली. पण जिथं खांब-तुळयांचा सांगाडा पुरा होता, अशा अनेक घरांत भिंती ढासळूनही छप्पर खांबांवर तोलून राहिलं. ती गोष्ट आपण फार लवकर विसरलो.

राहिली झाडं. आमच्या डोंगरात ऐन आणि किंजळ दरवर्षी तुटतात, आणि जातात सरपणाला, भट्टीला. चाळीस वर्षांचं झाड एका रात्रीत धूर होतं. तेच खांब झालं तर त्यानं हवेतून ओढलेला कार्बन पुढची दीडशे वर्षं मंडपात बंद राहतो, कारण कोरड्या लाकडाच्या वजनाचा जवळजवळ निम्मा भाग कार्बनच असतो. उलट जगातल्या कार्बन डायऑक्साइडच्या उत्सर्जनापैकी सात-आठ टक्के एकट्या सिमेंटमुळे होतं. जंगल ओरबाडून आणलेलं लाकूड मलाही नको. लावलेलं, वाढवलेलं, हिशेबानं तोडलेलं हवं. आपल्या राज्याचं वनविकास महामंडळ 1974 पासून साग लावतं आहे. 2023 मध्ये अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी बल्लारशाहहून साग गेला, तेव्हा आपण मिरवणुका काढल्या. मग ग्रामदेवतेच्या मंडपाला तो का चालू नये? अवाढव्य ओंडकेही लागत नाहीत. नॉर्वेतल्या ब्रुमुंडाल इथं 2019 मध्ये पुरी झालेली अठरा मजली, पंच्याऐंशी मीटर उंच इमारत फळ्या चिकटवून केलेल्या तुळयांवर उभी आहे.

एक गोष्ट मात्र हिशेबात बसवता येत नाही. लाकडी मंडपात भजनाला बसलं की पखवाज गोल ऐकू येतो. नव्या मंडपात शब्द भिंतींवर आपटून परत येतात. यंदा दशावतारात संकासुर काय बोलला ते मागच्या ओळीतल्या बायकांना कळलंच नाही.

पलीकडच्या वाडीचा मंडप अजून उभा आहे. चौदा खांब, नळ्यांचं छप्पर, वर तक्तपोशी. तिथंही जीर्णोद्धाराची बैठक श्रावणात ठरली आहे. मानकऱ्यांकडे मी दोनच गोष्टी मागितल्या आहेत: निर्णयाआधी एकदा सुताराला वर चढू द्या, आणि देवस्थानच्या पडीक जमिनीत या पावसात ऐन, किंजळ, फणसाची रोपं लावू द्या. पहिलीला होकार आला आहे. काल सुतारासोबत जाऊन दोन खांबांभोवतीची लादी फोडली. हातभर खाली दोन्ही तळखडे शाबूत सापडले.