हळू गाण्याची खूण कोणत्या कडव्याला?



गायनवृंदासाठी लिलीपॉण्डवर गीतांची पाने तयार करणाऱ्यांना माझी एक विनंती आहे. आवाज लहान-मोठा करण्याच्या खुणा सुरांना लावू नका, शब्दांना लावा.

लिलीपॉण्ड मोफत मिळते आणि त्यात सगळे अक्षरांतच टंकायचे असते. सुराच्या अक्षरामागे उलटी तिरकी रेघ देऊन पी लिहिले की पानावर हळू गाण्याची खूण उमटते. एफ लिहिले की जोराने गाण्याची. गाण्याच्या पानावर पट्टीखाली शब्द येतात, म्हणून खुणा वर न्यायच्या. त्यालाही ‘डायनॅमिकअप’ एवढी एकच आज्ञा पुरते. इतके सोपे असल्यामुळेच हात सैल सुटतो!

अडचण अशी की आपल्या गीताला कडवी चार-पाच आणि चाल एक. ती एकदाच छापली जाते. पहिले कडवे प्रभूच्या गौरवाचे, म्हणून आपण एफ देतो. तिसरे कडवे वधस्तंभापाशी उभे असते. नवखा गायक पान पाहतो आणि प्रभू प्राण सोडतो त्या ओळीवर आवाज चढवतो. त्याला दोष कसा द्यावा? कागदाने तसे सांगितलेले असते.

इंग्रजी ‘हिम्स एन्शंट अँड मॉडर्न’च्या १८७५च्या आवृत्तीत या खुणा कडव्यांच्या ओळींशेजारी छापल्या होत्या. आपल्यालाही ते जमते. चाल स्वच्छ ठेवावी, कडवी तिच्याखाली ‘मार्कअप’ने मजकूर म्हणून लिहावीत आणि ओळीच्या आरंभी ‘डायनॅमिक’ ही आज्ञा देऊन हवी ती खूण घालावी. टंकन थोडे वाढते, एवढेच.

भजनाला मात्र खूण नकोच. ध्रुवपद आधी एकटा म्हणतो, मग सगळी मंडळी उचलते. आवाज माणसांनी वाढतो.

स्तोत्र १५० मोठ्या आवाजाच्या झांजा मागते, आणि होरेबावर एलीयाला देव वाऱ्यात, भूकंपात, अग्नीत भेटत नाही, मंद वाणीत भेटतो. दोन्ही एकाच शास्त्रात आहे. कुठे काय, हे शब्दच सांगतात. म्हणून उत्तम शुक्रवारची पाने करायला बसण्याआधी कडवी गायनवृंदासमोर मोठ्याने वाचा, अर्थ अडला तर पाळकसाहेबांना विचारा. आणि तीन-तीन एफ तर कृपया नकोतच. देवळात लाउडस्पीकर आहे.