छत नसलेल्यांचा उन्हाळा

मे 2024 मध्ये अकोल्याचा पारा 45 अंशांपलीकडे गेला आणि जिल्हा प्रशासनाने फौजदारी संहितेचे कलम 144 पुकारले. एरवी मोर्चे अडवण्यासाठी उपसले जाणारे हे हत्यार या वेळी उन्हावर चालवले गेले! खाजगी शिकवण्यांच्या वेळा बदलल्या. कामगारांना पाणी आणि पंखे पुरवावेत, असे मालकांना बजावण्यात आले. हुकमाची मुदत होती 31 मे. पंखा छताला टांगतात. पऱ्हाटी उपटणाऱ्या मजुराच्या माथ्यावर छत कोठले? आणि पाण्याचे म्हणावे, तर पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात, अकोल्यात काय आणि अमरावतीत काय, विहिरीचे पाणीच खारट.

परंतु खरा प्रश्न 31 मेनंतरचा आहे. उष्णतेच्या लाटेची सरकारी कसोटी मुख्यतः पाऱ्यावर बेतलेली: मैदानी मुलखात 40 अंश आणि सरासरीहून साडेचार अंश जास्त, किंवा थेट 45. वऱ्हाडातील मे कोरडा असतो; घाम वाळतो, अंग थोडे तरी निवते. पाऊस पडून उघडीप झाली की पारा 33–34 वर उतरतो आणि कचेऱ्या निर्धास्त होतात. त्याच वेळी कपाशीच्या ओळींत वाकून निंदणाऱ्या बायांच्या अंगावरचा घाम वाळत नाही. घाम वाळला नाही, तर शरीरातील उष्णता बाहेर पडायला वाट उरत नाही. या यातनेची नोंद कोणत्या दप्तरात होते?

‘दुपारी 12 ते 3 घराबाहेर पडू नये,’ असा उपदेश दर उन्हाळ्यात छापला जातो. ज्याची चूल रोजंदारीवर पेटते, त्याने तो कसा पाळावा? कतार हे काही समाजवादी राष्ट्र नव्हे. तेथे परदेशी मजुरांच्या हालांवरून जगभर टीका झाली. त्या राजेशाहीनेही 2021 मध्ये उन्हाळ्यात सकाळी 10 ते दुपारी 3.30 उघड्यावरचे काम बंद ठेवण्याचा नियम केला. शिवाय उष्णता व आर्द्रता यांचा एकत्रित निर्देशांक 32.1 वर गेला, तर काम केव्हाही थांबवावे लागते.

कोरडवाहू शेतकरी विश्रांतीची मजुरी कोठून देणार, अशी शंका काढली जाते. शंका रास्त आहे. कर्जाने पिचलेल्या कापूस उत्पादकावर हा बोजा टाकणे म्हणजे गरिबाला गरिबाशी झुंजवणे होय. रोजगार हमीचा कायदा 1977 मध्ये करणाऱ्या महाराष्ट्र सरकारने ही भरपाई तिजोरीतून द्यावी, आणि तीही मे ते ऑक्टोबर, आर्द्रता मोजून.