चित्र दाखवा, मूल नको

मुलांची चित्रं इंटरनेटवर टाकूच नयेत, असं म्हणणारे पालक टेक्ससमधल्या फ्रिस्कोतल्या आपल्या मराठी घरांत हल्ली बरेच भेटतात. त्यांची काळजी खरी आहे. त्यांचा निष्कर्ष मात्र मला मान्य नाही.

पहिला आक्षेप सुरक्षिततेचा. अनोळखी माणसाला मुलाची माहिती मिळते, हे खरंच आहे. पण ती मिळते कशातून? शाळेचा टीशर्ट घालून, चित्र हातात धरून काढलेल्या फोटोतून. कोपऱ्यात लिहिलेल्या पूर्ण नावातून आणि इयत्तेतून. रंगवलेल्या झाडातून कुणाचाही पत्ता लागत नाही. तेरा वर्षांखालच्या मुलाची माहिती ऑनलाइन घेताना पालकांची संमती हवी, असा कायदा अमेरिकेत १९९८ साली झाला. भारताच्या २०२३च्या कायद्यानं ही मर्यादा अठरा वर्षांवर नेली. ‘आर्टसोनिया’ हे विद्यार्थ्यांच्या चित्रांचं ऑनलाइन दालन २००० सालापासून चालू आहे. तिथं मुलाचं पूर्ण नाव न दाखवता फक्त पहिलं नाव आणि एक आकडा दाखवतात. म्हणजे नाव झाकून चित्र दाखवता येतं, आणि तसंच दाखवावं.

दुसरा आक्षेप कृत्रिम बुद्धिमत्तेचा. ब्राझील आणि ऑस्ट्रेलियातल्या मुलांचे फोटो कृत्रिम बुद्धिमत्तेला शिकवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या ‘लायन-५बी’ या प्रचंड चित्रसंग्रहात सापडल्याचं ह्यूमन राइट्स वॉचनं २०२४ साली उघड केलं. ते प्रत्यक्ष मुलांचे फोटो होते, पण जे सगळ्यांना खुलं असतं त्याची नक्कल होऊ शकते, हे चित्रांनाही लागू आहे. म्हणून मुलाच्या चित्रांचं ऑनलाइन दालन आधी फक्त घरच्यांपुरतं ठेवावं. अमेरिकी कायद्यानं लहान मुलाच्या चित्राचा स्वामित्वहक्क त्या मुलाचाच असतो. पालक त्या हक्काचे राखणदार आहेत. राखण करायची म्हणजे चित्र कपाटात कोंडायचं असं नव्हे.

तिसरा आक्षेप सगळ्यात वजनदार: लाइक मोजायची सवय लागली की मूल दुसऱ्यांसाठी चित्र काढू लागतं. हे घडतं, पण त्याची सुरुवात इंटरनेटवर होत नाही. स्पर्धेला पाठवलेल्या चित्रांकडे जरा जवळून पाहा. गणपतीची सोंड खोडून पुन्हा काढलेली असते. कागद तिथं खरवडलेला असतो आणि वरची रेघ मोठ्या माणसाच्या हाताची असते. मुलाचं चित्र बिघडतं ते इथं. व्हिएन्नात १८९७ साली मुलांचा चित्रवर्ग सुरू करणाऱ्या फ्रान्झ चिझेक यांनी मुलांना आपापल्या मनानं काढू दिलं आणि ती चित्रं जगाला दाखवली. दाखवल्यानं काही बिघडलं नाही. बिघडवतात ते क्रमांक आणि दुरुस्त्या. तेव्हा लाइकचे आकडे बंद ठेवा, बक्षिसं नकोत.

आता दाखवायचं कशासाठी, ते सांगतो. २००० साली सुमारे ३३ हजार वस्तीचं हे फ्रिस्को गाव २०२०च्या जनगणनेत २ लाखांवर गेलं. आपल्यासारखी कितीतरी घरं इथं आजी-आजोबांना मागे ठेवून आली. उन्हाळ्यात इथं रात्रीचे नऊ वाजतात तेव्हा सोलापुरात सकाळचे साडेसात. मूल पेंगुळलेलं असतं आणि आजी कामात असते. चित्र मात्र आजीला सवड होईपर्यंत थांबतं. आमच्या ओळखीतल्या एका सात वर्षांच्या मुलीनं परसातल्या विसर्जनाचं चित्र काढलं. लाकडी कुंपणाची फळी न् फळी, मध्ये निळा टब, टबात गणपती, आणि उंदीर टबाबाहेर. खाली तिचेच शब्द: ‘पाणी थंड आहे म्हणून तो नाही आला.’ घरच्यांच्या दालनात ते पाहून आजीनं विचारलं, मग त्याला टॉवेल दिलास का? पुढच्या चित्रात टॉवेल आला. दोघींचं मराठीतलं हे बोलणं त्या दालनामुळे झालं.

दुसरा लाभ क्रमाचा. तीन-चार वर्षांचं मूल डोक्यातूनच पाय फुटलेला माणूस काढतं. पुढे आकाश वर निळ्या पट्टीत आणि जमीन खाली हिरव्या पट्टीत येते. मग कधीतरी त्या दोन पट्ट्या एकमेकींना भिडतात. कागद घर बदलताना रद्दीत जातात, व्हॉट्सॅपवरचं चित्र शुभेच्छांच्या ढिगात हरवतं. तारखेनुसार लावलेल्या दालनात मुलाचं पाहणं कसं बदलत गेलं ते दिसतं, मुलालाही दिसतं.

संयुक्त राष्ट्रांच्या १९८९च्या बालहक्क करारात अभिव्यक्तीच्या हक्कात कलेचा स्पष्ट उल्लेख आहे आणि त्याच करारात खासगीपणही जपलं आहे. अमेरिकेनं त्याला अजून मान्यता दिलेली नाही. भारतानं १९९२ साली दिली. आपल्या घरात तो पाळायला कुणाच्या सहीची गरज नाही. चित्र लावण्याआधी मुलाला विचारा, ‘हे लावू का?’ ते नको म्हणालं तर लावू नका. वर्षभरानं काढून टाक म्हणालं तर काढून टाका. जो पालक विचारत नाही तो चित्र लपवतानाही मुलाचा हक्क डावलतो आणि मिरवतानाही. चित्र कुणाला दाखवायचं हे ते काढणाऱ्यानं ठरवावं. आपण त्याला दाखवण्याची सुरक्षित जागा द्यावी.