नसलेल्या हॉटेलातली भेट

‘जे उपयोगी ते सत्य’ असे शिकवून फलप्रामाण्यवादाने खोट्या राजकारणाला मोकळे रान दिले, हा आरोप सध्या वारंवार होतो. २०१७ साली ट्रम्प यांच्या शपथविधीच्या गर्दीवरून ‘पर्यायी तथ्ये’ पुढे करण्यात आली, तेव्हापासून तर त्याला धारच चढली. आरोप जुना आहे. या वाटेने गेल्यास सत्याचा निवाडा शेवटी तोफा करतील, असे बर्ट्रांड रसेलने १९०९ मध्येच बजावले होते. फलप्रामाण्यवादी विल्यम जेम्सची काही वाक्ये सैल आहेत, हेही कबूल. तरी आरोप साफ चुकीचा आहे.

उपयोगी कोणाला, किती काळ, आणि कोणी तपासल्यावर? हे प्रश्न आरोप करणारे गाळतात. तपास चालूच राहिला तर सर्व शोधकांना अखेर जे मान्य करावे लागेल ते सत्य, असे याच विचाराच्या चार्ल्स पर्सने १८७८ मध्ये मांडले. त्यात सत्ताधाऱ्याच्या सोयीला जागाच नाही.

या विचाराची खरी परीक्षा जॉन ड्यूईने दिली. डॉ. आंबेडकरांचे हे कोलंबियातले गुरू. ऑगस्ट १९३६ च्या मॉस्को खटल्यात होल्ट्झमन या आरोपीने कबुली दिली, की १९३२ साली कोपनहेगनच्या हॉटेल ब्रिस्टलमध्ये आपण स्टालिनचा हद्दपार विरोधक ट्रॉट्स्की याच्या मुलाला भेटलो. ते हॉटेल १९१७ मध्येच पाडले गेले होते! पण सोळाही आरोपींना गोळ्या घातल्या गेल्या; स्टालिनचे काम झाले. उपयोग हीच कसोटी असती, तर ती कबुली सत्य ठरली असती. हिटलरविरुद्ध सोव्हिएत रशिया हवा, म्हणून हा विषय उकरू नका, असे अमेरिकेतले कितीतरी उदारमतवादी सांगत होते. तोही उपयोगाचाच युक्तिवाद होता. ड्यूईने तो झुगारला. सत्त्याहत्तराव्या वर्षी तो मेक्सिकोला गेला, एप्रिल १९३७ मध्ये ट्रॉट्स्कीची उलटतपासणी झाली, कागदपत्रे पडताळली गेली. ड्यूईच्या चौकशी आयोगाने मॉस्कोतल्या आरोपांतून ट्रॉट्स्कीला निर्दोष ठरवले.

सोयीचे खोटे तपासापुढे टिकत नाही, हे २०२० च्या अमेरिकी निवडणुकीनंतरही दिसले. निकाल चोरल्याचा दावा सभांमध्ये जोरात चालला. न्यायालयांत मात्र साठाहून अधिक दाव्यांपैकी जवळजवळ सगळे कोसळले. तिथे पुरावा द्यावा लागतो. म्हणून खोट्याला आवर घालायचा तर न्यायालये, वृत्तपत्रे, विद्यापीठे यांचा तपासाचा अधिकार आधी राखला पाहिजे. केवळ सत्याच्या पावित्र्याची ग्वाही देऊन ते होणार नाही.

आणि हा तपास आपल्या माणसापुरता नसतो. ट्रॉट्स्कीचे राजकारण ड्यूईला कधीच पटले नाही. निर्दोषत्वाच्या निकालानंतर १९३८ मध्ये साध्य-साधनांच्या प्रश्नावर त्याने त्याच ट्रॉट्स्कीचे जाहीर खंडन केले.