विश्लेषण : मारहाणीतून सुटलेल्या स्त्रीने राहायचे कुठे?

नवऱ्याचा मार सहन करणाऱ्या बाईला शेजारीपाजारी, नातेवाईक, कधी कधी पोलीसही एकच प्रश्न विचारतात : ‘मग सोडून का देत नाहीस?’ त्याचे उत्तर बहुतेक वेळा साध्या हिशोबात असते. सोडून जायचे तर कुठे? खोलीचा किराया कोण भरणार? मुलांची शाळा सुटली तर? आपल्याकडे कायदा आहे, पोलिसांचे कक्ष आहेत, हेल्पलाइन आहे आणि नागपूरसारख्या शहरात महिलांसाठी काम करणाऱ्या संस्थांची मोठी परंपराही आहे. तरीही तक्रार केलेल्या अनेक जणी पुन्हा त्याच घरात परततात. याचे एक मोठे कारण म्हणजे हिंसाचार हा पोलीस आणि समुपदेशनाचा विषय, तर घर हा गृहनिर्माणाचा, अशी वाटणी आपण करून टाकली आहे. ही वाटणी मोडण्याची सुरुवात स्वयंसेवी संस्थांच्या नेतृत्वाला करता येईल, आणि त्यांनी ती करायला हवी.

प्रश्न किती मोठा?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) देशातील १८ ते ४९ वयोगटातील विवाहित महिलांपैकी सुमारे २९ टक्के महिलांनी पतीकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसली आहे. महाराष्ट्रात हे प्रमाण साधारण एक चतुर्थांश आहे. याच पाहणीत हिंसा सोसलेल्यांपैकी केवळ १४ टक्के महिलांनी कुणाकडे मदत मागितल्याचे दिसते. उरलेल्या बहुसंख्य जणी बोलतच नाहीत.

नागपूरपुरते बोलायचे तर २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या २४ लाख होती आणि त्यातील एक तृतीयांशाहून अधिक लोक झोपडपट्ट्यांत राहत होते. एका खोलीच्या घरात दुसरी खोली नसते, माहेरही तसेच एका खोलीचे असते. मध्यमवर्गीय वस्तीत खोल्या अधिक असतात, मात्र घर सासऱ्याच्या किंवा नवऱ्याच्या नावावर असते. दोन्हीकडे भांडणाच्या रात्री घराबाहेर पडते ती बाईच.

कायदा काय सांगतो?

कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम २००५ मध्ये संमत झाला आणि २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. या कायद्याचे वेगळेपण असे की तो शिक्षेपेक्षा संरक्षणावर भर देतो आणि त्यात घराचा विचार आहे. कलम १७ नुसार सामायिक घरात राहण्याचा हक्क स्त्रीला आहे, मग ते घर तिच्या मालकीचे असो वा नसो. ते घर भाड्याचे असले तरी हा हक्क लागू होतो. कलम १९ खाली दंडाधिकारी निवासाचा आदेश देऊ शकतात. तिला घराबाहेर काढू नये, घर परस्पर विकू नये, इतकेच काय, नवऱ्याने स्वतः घराबाहेर राहावे, असेही सांगता येते. घरातील स्त्री नातेवाइकांना मात्र असे बाहेर काढता येत नाही. एकत्र राहणे शक्यच नसेल तर तशाच दर्जाची पर्यायी जागा द्यावी किंवा तिचे भाडे भरावे, असाही आदेश होऊ शकतो. अर्ज दाखल झाल्यावर पहिली सुनावणी साधारण तीन दिवसांत आणि निकाल पहिल्या सुनावणीपासून ६० दिवसांत व्हावा, अशी कायद्याची अपेक्षा आहे. तातडीची गरज असेल तर कलम २३ खाली अंतरिम आदेशही मिळतो.

मग अडते कुठे?

कायदा लागू झाल्यावर दोनच महिन्यांत, डिसेंबर २००६ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने एस. आर. बत्रा प्रकरणात ‘सामायिक घर’ या शब्दाचा अर्थ आक्रसला. घर सासूच्या मालकीचे असेल तर सुनेला तिथे राहण्याचा हक्क सांगता येणार नाही, असा तो निर्णय होता. जवळपास चौदा वर्षे देशभरातील सुनांच्या अर्जांवर त्याची सावली राहिली. अखेर १५ ऑक्टोबर २०२० रोजी सतीशचंद्र आहुजा प्रकरणात न्यायालयाने तो निर्णय चुकीचा ठरवला. घर सासू-सासऱ्यांच्या नावावर असले तरी ती तिथे कुटुंबाचा भाग म्हणून स्थिरपणे राहिली असेल, तर ते सामायिक घर ठरू शकते. हा हक्क अमर्याद नाही, ज्येष्ठांच्या हक्काशी त्याचा तोल साधावा लागेल, हेही न्यायालयाने सांगितले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये एस. वनिता प्रकरणात ज्येष्ठ नागरिक कायद्याचा आधार घेऊन सुनेला सरळ बाहेर काढता येणार नाही, असे स्पष्ट झाले.

म्हणजे कायद्यातील मोठी अडचण दूर झाली आहे. अडचण उरली ती अंमलबजावणीची. संरक्षण अधिकाऱ्यांची पदे अनेकदा अतिरिक्त कार्यभार म्हणून सांभाळली जातात. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सर्व राज्यांना ठरावीक मुदतीत संरक्षण अधिकारी नेमण्याचे निर्देश द्यावे लागले, कायदा लागू होऊन अठरा वर्षे उलटल्यानंतर! शिवाय निवासाचा आदेश मागितला तरच मिळतो. अर्जात पोटगी असते, मारहाणीपासून संरक्षण असते, पण घराची मागणी अनेकदा शेवटी, एका ओळीत येते किंवा येतच नाही.

पाच दिवसांनंतर काय?

आज नागपुरात संकटात सापडलेली महिला १८१ किंवा ११२ वर फोन करू शकते. पोलिसांचा भरोसा सेल आहे. २०१७ मध्ये नागपुरात सुरू झालेली ही रचना पुढे राज्यातील इतर शहरांनीही स्वीकारली. टाटा समाजविज्ञान संस्थेने १९८४ मध्ये मुंबई पोलीस आयुक्तालयात सुरू केलेला महिला व मुलांसाठीचा विशेष कक्ष राज्यभर पोहोचला आहे. केंद्राच्या योजनेतील ‘सखी’ वन स्टॉप सेंटरमध्ये वैद्यकीय, कायदेशीर मदत आणि समुपदेशन एका छताखाली मिळते, मात्र तिथला मुक्काम साधारण पाच दिवसांचा. त्यापुढे ‘शक्ती सदन’ हे निवारागृह. स्वाधार गृह आणि उज्ज्वला या जुन्या योजना एकत्र करून ते आता मिशन शक्तीखाली आणले आहे.

खरी कसोटी त्यानंतर लागते. निवारागृहात मुलगा ठरावीक वयापर्यंतच आईबरोबर राहू शकतो. मोठा मुलगा असलेली आई म्हणूनच निवाऱ्याऐवजी मार पत्करते. वेगळी खोली घ्यायची तर अनामत रक्कम हवी, भाडेकरार हवा, आधार कार्डावरचा पत्ता नवऱ्याच्या घराचा, आणि घरमालकाचा पहिला प्रश्न ‘मिस्टर काय करतात?’ हिंगणा किंवा बुटीबोरीच्या कारखान्यात, खानावळीत किंवा धुणीभांडी करून कमावणाऱ्या बाईला महिन्याचा किराया एक वेळ जमतो. अनामत मात्र जमत नाही, आणि तिच्यासाठी हमी द्यायलाही कुणी पुढे येत नाही. सखीचे पाच दिवस आणि स्वतःच्या खोलीची किल्ली यांमधल्या या अंतरात बहुतेक प्रकरणे ‘मिटतात’.

नागपूरची परंपरा काय शिकवते?

या शहराला निराधार स्त्रियांसाठी काम करणाऱ्या नेतृत्वाची उणीव कधी नव्हती. बालवैधव्य आलेल्या कमलाताई होस्पेट यांनी परिचारिकेचे शिक्षण घेतले आणि वेणूताई नेने यांच्यासह १९२१ मध्ये मातृ सेवा संघाची स्थापना केली. प्रसूतिगृहापासून सुरू झालेले हे काम पुढे विदर्भभर पसरले, त्यातून वृद्धाश्रम आणि समाजकार्याचे महाविद्यालयही उभे राहिले. कमलाताईंना १९६१ मध्ये पद्मश्री मिळाली. पुढच्या काळात डॉ. सीमा साखरे यांनी स्त्री अत्याचार विरोधी परिषदेच्या माध्यमातून हिंसाचाराचा प्रश्न रस्त्यावर आणि न्यायालयात नेला. संस्कृतच्या प्राध्यापक रूपा कुलकर्णी-बोधी यांनी विदर्भ मोलकरीण संघटना बांधली.

या तिन्ही कामांत दयेपेक्षा रचनेला महत्त्व होते. कमलाताईंच्या आयुष्यात हातात आलेल्या कौशल्याने वैधव्याचा अर्थ बदलला. मोलकरीण संघटनेने एकेकट्या बाईला सभासद केले, म्हणजे तिच्या मागे उभे राहणारी माणसे तयार केली. आजच्या नेतृत्वाने या परंपरेत पुढची पायरी जोडायची आहे, ती घराची.

घर नावावर असेल तर फरक पडतो का?

पडतो, आणि मोठा पडतो. प्रदीप पांडा आणि बीना अगरवाल यांनी केरळच्या तिरुवनंतपुरम जिल्ह्यात केलेला अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. जमीन किंवा घर नावावर नसलेल्या विवाहित महिलांपैकी ४९ टक्के जणींनी शारीरिक हिंसा सोसली होती. जमीन आणि घर दोन्ही असलेल्यांत हे प्रमाण ७ टक्के होते. दीर्घकाळ मार सोसलेल्यांपैकी मालमत्ता असलेल्या ७१ टक्के जणी घर सोडून बाहेर पडल्या, मालमत्ता नसलेल्या केवळ १९ टक्के. एका जिल्ह्याचा अभ्यास सगळीकडे जसाच्या तसा लागू करता येत नाही, पण ‘जाण्यासाठी जागा आहे’ हे माहीत असणे हेच संरक्षण असते, हा त्याचा धडा विदर्भातही खरा आहे.

महाराष्ट्रासाठी हा विचार नवा नाही. शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने १९९० च्या आसपास लक्ष्मीमुक्ती अभियान चालवून शेतकऱ्यांना जमिनीचा वाटा पत्नीच्या नावे करण्याचे आवाहन केले होते. प्रधानमंत्री आवास योजनेत घर कुटुंबातील महिलेच्या नावे किंवा पती-पत्नीच्या संयुक्त नावे असावे, अशी अट आहे. नागपुरात शहर विकास मंचासारख्या संघटनांच्या पाठपुराव्यानंतर झोपडपट्टीवासीयांना मालकी हक्काचे पट्टे देण्याची प्रक्रिया सुरू झाली. अशा प्रत्येक पट्ट्यावर पत्नीचे नाव आहे का, हे तपासणे हे हिंसाचार रोखण्याचेच काम आहे. पट्ट्यासाठी भांडणाऱ्या संघटना आणि हिंसाचाराविरुद्ध लढणाऱ्या संस्था मात्र अजून क्वचितच एका टेबलावर बसतात.

संस्थांनी काय बदलायला हवे?

पहिली गोष्ट यशाच्या मोजमापाची. वार्षिक अहवालात ‘इतकी प्रकरणे समेटाने मिटवली’ हा आकडा अभिमानाने छापला जातो. समेट वाईट नाही, पण पर्याय नसताना झालेला समेट ही शरणागती असते. त्याऐवजी सहा महिन्यांनी आणि वर्षाने ती महिला कुठे राहते, सुरक्षित आहे का, मुले शाळेत आहेत का, याची नोंद ठेवली तर कामाची दिशाच बदलेल.

दुसरी गोष्ट, पहिल्याच दिवशी घराची मागणी. कायद्याच्या कलम १० खाली नोंदणी केलेल्या सेवादायी संस्थेला हिंसाचाराच्या घटनेचा अहवाल नोंदवता येतो आणि तो दंडाधिकाऱ्यांकडे पाठवता येतो. हा अधिकार वापरून निवासाच्या अंतरिम आदेशाचा अर्ज सर्वात आधी जावा.

तिसरी, किरायाच्या खोल्यांची साखळी. प्रत्येक संस्थेने मोठी इमारत बांधण्याची गरज नाही. संस्थेने स्वतः भाडेकरार करून काही खोल्या घ्याव्यात, फिरता अनामत निधी उभारावा आणि वर्षभरात करार त्या महिलेच्या नावे करून द्यावा. घरमालकाला संस्थेची हमी मिळते आणि तिला पत्त्याचा पुरावा. वयात आलेला मुलगाही तिथे आईबरोबर राहू शकतो.

चौथी, नेतृत्वात वाटा. एका ताईंच्या नावावर चालणाऱ्या संस्था त्या ताई थकल्या की थकतात. हिंसाचारातून बाहेर पडलेल्या महिलांना केवळ व्यासपीठावर अनुभवकथनासाठी न बोलावता कार्यकारिणीत घेतले, तर खोलीच्या शोधात खरी अडचण काय येते हे बैठकीत कुणाला समजावून सांगावे लागणार नाही.

आक्षेप आणि सरकारची जबाबदारी

अशा संस्थांवर ‘घर फोडणाऱ्या’ असा शिक्का लगेच बसतो. घर तर मार पडतो तेव्हाच फुटलेले असते. वृद्ध सासू-सासऱ्यांचे काय, हा प्रश्न मात्र रास्त आहे. पर्यायी जागा किंवा तिचे भाडे हा कायद्यातलाच मार्ग अशा वेळी दोघांनाही न्याय देऊ शकतो.

दुसरा आक्षेप पैशाचा. तो खरा आहे आणि म्हणूनच सारा भार संस्थांवर टाकता येणार नाही. कायद्याने निवारा देण्याची जबाबदारी सरकारी यंत्रणेवरही आहे. इंग्लंडने २०२१ च्या कायद्याने हिंसाचारामुळे बेघर झालेल्यांना स्थानिक प्रशासनाच्या घरमदतीत प्राधान्य दिले. ऑस्ट्रियाने १९९७ मध्येच हिंसा करणाऱ्यालाच काही दिवस घराबाहेर काढण्याचा अधिकार पोलिसांना दिला. आपल्या कायद्यात हीच तरतूद न्यायालयामार्फत आहे. महापालिका, म्हाडा आणि नागपूर सुधार प्रन्यास यांनी आपल्या घरांपैकी काही घरे मुदतीच्या भाड्याने अशा महिलांसाठी राखली आणि निवारागृहांचे अनुदान वेळेवर दिले, तरी मोठा फरक पडेल.

ज्यांना आज मदत हवी आहे त्यांनी १८१ वर, आणि मोफत कायदेशीर सल्ल्यासाठी १५१०० वर संपर्क साधावा. अर्ज करताना पोटगीबरोबर निवासाचा आदेशही मागावा. आणि ‘सोडून का देत नाहीस’ असे विचारणाऱ्यांनी त्याआधी तिला राहायला जागा आहे का, हे विचारावे.